दख्खनी लोकर, पेटीचरखा आणि एक वाकळ: 2024 च्या नोंदी

6 जानेवारी, सातारा

वर्षाची वही आज सुरू केली. पहिल्या पानावर यंदाचे संकल्प मांडून ठेवते, म्हणजे डिसेंबरात ताडून बघता येतील.

दख्खनी मेंढीची काळी लोकर कच्ची आणायची, घरीच धुवायची, पिंजायची, कातायची आणि तिचं निदान एक आसन मागावर उतरवायचं. उरलेल्या लोकरीत भाच्याचा स्वेटर. सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची अर्धवट राहिलेली वाकळ पुरी करायची. पेटीचरख्यावर सुताची एक गुंडी, म्हणजे ठरावीक लांबीची लड, 2 ऑक्टोबरच्या आत. झाडपाल्याच्या रंगांचा नमुना-तक्ता: कांद्याची साल, डाळिंबाची साल, मंजिष्ठा, पळस. आणि कपाटात साठलेली दुकानी लोकर संपेपर्यंत नवा गुंडा घरात आणायचा नाही.

सगळ्यांत जीव अडकलाय तो पहिल्या कामात. साताऱ्यातून थोडं पूर्वेला गेलं की मेंढ्यांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते मुक्काम, दिसतात, आणि माझ्या सुयांवर मात्र आजवर परदेशी मेरिनो नाहीतर ॲक्रिलिक. आपल्या मातीतली लोकर एकदा मुळापासून हाताखालून जायला हवी.

21 जानेवारी

लोकर आणली. फलटणकडे तुटलेल्या उसाच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. कातरणी चालू होती. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी करतात आणि लांब पात्यांची कातर कातडीलगत सपासप चालते. मेरिनोची लोकर एकसंध सोलल्यासारखी निघते, तशी ही निघत नाही. हिचे झुपके पडतात, कारण दख्खनीच्या अंगावर लोकर विरळ आणि केसाळ असते. दुष्काळी पठारावर, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या जनावराला दाट लोकर परवडणारच नाही.

वाड्यावरच्या आजींनी माझी टकळी हातात घेऊन गिरकी देऊन बघितली.

"ह्याचं काय करनार तू?"

"कातणार, आजी."

"आता कोन कातंय? माझी आय मेंढरामागनं चालता चालता कातायची. टकळी हातातनं कधी सुटली न्हाई."

मग त्याच माझ्या गुरू झाल्या. पाठीची आणि बरगड्यांवरची लोकर एका ढिगात, पोटाची नि पायाची दुसऱ्यात. पायाकडची आखूड, राठ आणि कुसळांनी भरलेली. ती कातायला घेऊच नको म्हणाल्या. तिसरा ढीग छोटासा, फडक्यात वेगळा बांधून दिला: जावळ. कोकराची पहिली कातरणी. बोटांत घेतली तर बाकीच्या लोकरीशी तिचं नातं लागत नाही, इतकी मऊ. जावळाची घोंगडी महाग का, हे त्या मूठभर लोकरीनं कळलं.

लोकरीचे पैसे घ्यायला त्यांचा मुलगा तयारच नव्हता. कातरणाऱ्याची मजुरीही लोकर विकून सुटत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती बांधावर टाकून देतात. मी आग्रह करून दिले, आणि पुढच्या वेळेला जावळ वेगळं ठेवायचं नक्की करून आले.

परत येताना हाच विषय डोक्यात. कळपात दख्खनी मेंढ्यांच्या बरोबरीनं माडग्याळी रक्ताच्याही दिसत होत्या: बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. माडग्याळी मेंढी जत तालुक्यातली, भरपूर वजन धरणारी, लोकर नावापुरती. मटणाला भाव आहे आणि लोकरीला नाही, तर मेंढपाळानं काय करावं? याच फलटणमध्ये निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तिथंही ध्यास कोकरांचा. तो योग्यच आहे, घर त्यावर चालतं. पण लोकरीकडे लक्ष देणारं कुणी राहिलं नाही, ही खंत मनातून जात नाही.

27 जानेवारी

धुणं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ठेवली. सकाळी बादलीतलं पाणी चहासारखं. दख्खनीत मेण कमी असतं, धूळच जास्त. नंतर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून नुसती दाबायची. पिळायची नाही, चोळायची नाही, गरम पाण्यातून एकदम गारात टाकायची नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर खवले असतात. उष्णता, पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर थापून बसते. कोल्हापूर-सांगलीकडचं जेन याच गुणावर होतं, मागाशिवाय, नुसतं थापून. मला मात्र आत्ता मोकळी लोकर हवी होती.

2 किलो आणलेली, धुऊन-वाळवून दीड किलोच्या आसपास. रंग उघडला: काळी म्हणत होते ती शेंड्याकडे उन्हानं तांबूस झालेली, मुळाशी गडद कॉफीसारखी, मधे मधे राखाडी केस. गच्चीवर चादरीवर पसरली तेव्हा शेजारच्या काकू चौकशीला आल्या आणि कुसळं वेचत तासभर बसल्या.

11 फेब्रुवारी

पिंजण आणि कातण. पूर्वी हे काम धनुकलीवर व्हायचं. तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, जोरात थरथरते, तिच्यावर लोकर उडून मोकळी होते आणि कचरा खाली गळतो. माझ्याकडे तारेच्या दातांच्या दोन फळ्या आहेत. त्यांवर विंचरून बोटाएवढे पेळू वळते.

आज कातताना लोकरीचा स्वभाव नीट समजला. मेरिनोचा केस 24 मायक्रॉनच्या आत, आणि तो नागमोडी. त्यामुळे धागा फुगीर आणि लवचीक होतो. दख्खनीचा केस त्याच्या दीड-दोन पट जाड, सरळ, चकचकीत. तो पेळूतून घरंगळत पुढे येतो, एकमेकाला धरत नाही. म्हणून पीळ जास्त द्यावा लागतो, आणि पीळ वाढला की धागा दोरीकडे झुकतो. धाग्याच्या अंगावर केसांची टोकं उभी राहतात. मनगटावर ठेवलं की टोचतं.

दुपारभर वेगवेगळ्या पिळाचे नमुने काढले. कमी पिळाचा धागा हाताला बरा, पण जरा ताणला की सुटतो. जास्त पिळाचा मजबूत; त्याला दोन्ही हातांनी हिसडा दिला तरी तुटला नाही. स्वेटरच्या गळ्याशी हा धागा भाच्याला सोसणार नाही, हे आत्ताच दिसतंय. निर्णय उन्हाळ्यात घेईन, अजून जावळ कातून बघायचं आहे.

12 फेब्रुवारी

पेटीचरखा उघडला. आजचा दिवस मुद्दाम धरला: गांधीजींच्या श्राद्धदिनी सूतांजली वाहण्याची विनोबांनी घालून दिलेली पद्धत आहे, 640 तारांची गुंडी, एक तार 4 फुटांचा. माझं माप हल्लीचं, 1000 मीटरची गुंडी. वर्ध्याहून गावरान कापसाचे पेळू मागवले आहेत. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर विदर्भात जवळजवळ सगळीकडे तोच पसरला, आखूड धाग्याचा देशी कापूस कोपऱ्यात गेला. गिरण्यांना लांब धागा लागतो. चरख्याला आखूड चालतो, हे या पेळूंनी पहिल्याच बैठकीत दाखवलं.

23 मार्च

रंगांचे दिवस. आधी दख्खनीतलीच पांढऱ्या पट्ट्यांची लोकर निवडून कातून ठेवली होती, थोडी राखाडीही. काळी रंगवण्यात अर्थ नाही.

सगळ्या लडींना आधी तुरटी: 100 ग्रॅम लोकरीला 12 ग्रॅम, पाणी हळूहळू तापवून तासभर, मग त्याच पाण्यात रात्रभर मुरत ठेवली.

कांद्याची साल लोकरीइतक्याच वजनाची. भाजीवाल्यानं पिशवीभर अशीच दिली. रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा, आणि राखाडी लोकरीवर त्याहून सुंदर: जुन्या पितळेकडे झुकलेला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा. त्यातल्याच एका लडीला शेवटी हिराकसाचं पाणी दाखवलं तर डोळ्यांदेखत शेवाळी होऊन मग काळसर राखाडी झाली. हिराकस 100 ग्रॅमला 2 ग्रॅमच्या वर जाऊ दिलं नाही. लोहानं लोकर कडक होते, आणि ही आधीच राठ आहे.

मंजिष्ठेवर मात्र पूर्ण रविवार गेला होता, आणि तो सत्कारणी लागला. मुळी कुटून भिजवली, मंद आचेवर ठेवली. पाणी 70 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर लालाऐवजी तपकिरी सुटतो. शिवाय पाण्याचा प्रश्न. नळाच्या पाण्यात विटकरी रंग आला. माझ्या मैत्रिणीच्या शेतातल्या बोअरचं पाणी आणून तीच मुळी, तेच माप केलं तर खणखणीत लाल. बोअरचं पाणी जड, त्यात चुना. मंजिष्ठेला चुना मानवतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सगळे बोटं मोडतात, त्याच पाण्यानं हा रंग दिला. दोन लडी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

पळसाची फुलं कासच्या वाटेवर वेचलेली. पिवळा आला, स्वच्छ आणि उजळ. उद्या होळी. मुलांना खेळायला याच फुलांचं पाणी ठेवलंय.

प्रत्येक रंगाची एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत लावली आहे. ऊन काय ठेवतं आणि काय नेतं, ते जूनमध्ये बघू.

14 एप्रिल

वाकळ. आमच्याकडे हे काम उन्हाळ्यातलंच: दुपारी घराबाहेर पडता येत नाही, आणि पावसाच्या आत पांघरुणं तयार हवीत. वरचा पदर सासूबाईंच्या इरकली लुगड्याचा, आत मऊ झालेली धोतरं आणि दोन सुती साड्या, खाली त्यांचंच जांभळं लुगडं. काठ कापायचा नाही असं ठरवलं. तो चारी बाजूंनी फिरवून घेतला.

टाके कडेपासून आत येतात, चौकटीत चौकट. धावदोरा तेवढा एकच टाका, पण सगळी मदार त्यावर. वरचा हात सुई खाली घालतो आणि खालचा हात पदर चापत राहतो, म्हणजे आतल्या धोतराला सुरकुती पडत नाही. दोऱ्याला मेणबत्ती फिरवून घेतली की गुंता होत नाही. शेजारच्या काकू बसल्या की टाका बारीक आणि जवळ पडतो, माझा किंचित लांब. दोघींच्या टाक्यांची सीमा वाकळीवर ओळखू येते आणि ती तशीच राहू द्यायची आहे.

सासूबाईंच्या लुगड्याला एका ठिकाणी त्यांनीच रफू केलेलं सापडलं. इतकं सफाईदार, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. त्या जागेवरून टाके वळवून नेले.

19 मे

भाच्याचा स्वेटर कपाटातल्या मेरिनोतच सुरू केला. पुढं-मागं सुलट विण, हाताला नि गळ्याला एक सुलट एक उलट. साठाही कमी होईल. दख्खनीचं जे करायचं ते तिच्या ताकदीचं करायचं: आसन, पिशवी, जमिनीवरचं काही. तिला मेरिनो बनवायचा हट्ट नको.

2 जून

खिडकीतल्या पट्ट्या काढल्या. मंजिष्ठा जशीच्या तशी. डाळिंब-हिराकस पक्कं. कांद्याची साल थोडी उतरली, पण उतरलेला रंगही चांगला आहे. पळसाचा उघडा भाग जवळजवळ पांढरा. पळस होळीसाठीच.

7 जुलै

तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी ओलांडून पुढे गेली. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढपाळ आपला कळप घेऊन येतात आणि मेंढ्या रथाला फेरे घालतात. मी नातेवाइकांकडे थांबून बघितलं. इतकी माणसं, टाळांचा एवढा कल्लोळ, आणि त्यातून तो कळप पुढच्या मेंढीमागं मान घालून सरळ पळत राहतो.

पाऊस भुरभुरत होता. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली होती. रिंगण झाल्यावर विनंती केली आणि घोंगडीला हात लावून बघितला. वरून थेंब थरथरत होते, आतून कोरडी. जे केस मला कातताना छळत होते, त्यांच्यावरच थेंब अडकून घरंगळत होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. ती वाफ घेताना थोडी ऊबही सोडते. भिजलेल्या रानात रात्र काढणाऱ्या माणसासाठी याहून शहाणं कापड कुणी शोधलेलं मला माहीत नाही. मेरिनोची शाल त्या पावसात तासभर टिकली नसती.

आसनासाठी विणकर दादांना फोन केला. पावसाळ्यात माग मंदच, म्हणाले. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावली की वाळायला ऊन लागतं. दिवाळीनंतर या.

18 ऑगस्ट

पेटीत कसर लागली. पांढऱ्या लोकरीची एक लड गेली. बाकी सगळं उन्हात टाकलं, झटकलं, वेखंडाची पूड आणि कडुलिंबाचा पाला घालून घट्ट डब्यांत भरलं. काळ्या लोकरीला तिनं तोंड लावलं नव्हतं.

29 सप्टेंबर

गुंडी पूर्ण झाली, ठरल्या तारखेच्या आत.

1000 मीटरचं वजन 50 ग्रॅम भरलं, म्हणजे इंग्रजी मापानं जवळजवळ 12 अंकी सूत (अंक जितका मोठा, तितकं सूत बारीक). अखिल भारतीय चरखा संघानं 1929 मध्ये चांगल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट होती की आठ तासांत 12 ते 20 अंकी सूत 16,000 फूट निघावं आणि चरख्याची किंमत 150 रुपयांच्या आत असावी. ते बक्षीस कुणाला मिळालं नाही. माझा वेग त्या अटीच्या जवळपासही नाही, पण अंक त्या पट्ट्यात बसला याचा आनंद आज दिवसभर टिकला. पेटीचरखा त्याच काळातला, गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासातला, म्हणून त्याला यरवडा चक्र म्हणतात. पेटीतल्या मोठ्या चक्राची माळ धाकट्या चक्राला फिरवते, धाकट्याची चातीला, म्हणजे टोकदार लोखंडी काडीला, आणि चाती इतकी वेगानं फिरते की पीळ डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतो. उजवा हात चक्र फिरवतो, डावा पेळू घेऊन मागं जातो. हात खांद्याच्या पलीकडे पोचला की थांबायचं, चक्र थोडं उलटं, आणि धागा चातीवर गुंडाळायचा. या हालचालीला लय सापडली ती जूनच्या आसपास. त्यानंतर सूत एकसारखं येत गेलं. गुंडीत बाहेरचे आणि आतले तार शेजारी धरले तर फरक उघड दिसतो.

याचा हातरुमाल विणून घ्यायचा की गुंडी तशीच ठेवायची, घरात दोन मतं आहेत. माझं मत रुमालाचं. सूत वापरासाठी असतं.

27 ऑक्टोबर

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाऊन आलेल्या मैत्रिणीनं माझ्यासाठी एक चिमूट आणली: भंडाऱ्यानं माखलेली लोकर. तिथं भंडारा, खारीक, खोबरं उधळतात तशी लोकरही उधळतात. पिकातला पहिला वाटा देवाला द्यावा, तसा धनगरानं आपल्या जित्राबातला दिलेला. ती चिमूट नमुना-तक्त्याच्या पहिल्या चौकोनात शिवली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तक्ता वहीत घडी घालून ठेवते.

जावळ कातायला घेतलं. हाताला लागतं तेच सांगते: मेरिनोइतकं मऊ नाही, पण टोचत नाही. दुपदरी पीळ दिला, गरम पाण्यात बुडवून टांगून ठेवलं आणि धागा फुलून आला.

24 नोव्हेंबर

माणदेशात विणकर दादांकडे. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली तो आज.

दादा सनगर, पिढीजात घोंगडी विणणारे. गावात पूर्वी आळीभर माग होते, आता त्यांचा चालू आहे. मुलगा पुण्यात नोकरीला. वहिनींनी आल्या आल्या माझं सूत ताटात घेऊन निवडायला सुरुवात केली. घोंगडीच्या घरात सुताची पारख बायकांकडे. एक धागा ताणून ढिला सोडायचा आणि तो स्वतःभोवती किती वळतो ते बघायचं. "ताण्याचं बरंय. बाण्याचं अजून ढिलं चाललं असतं, ताई. बाणा मऊ असला की घोंगडं भरतं." बाणा म्हणजे आडवा धागा.

खळ मी सकाळी लवकर पोचल्यामुळे बघायला मिळाली. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून पातळ लापशी करायची. वास उग्र, पण वाईट नाही. ताणा घरासमोरच्या बोळात खुंट्यांना ताणून धरला होता. दादांनी मोठ्या कुंच्यानं खळ एका दिशेनं सारवत नेली. मागं वहिनी चिकटलेले धागे बोटांनी सोडवत आल्या. दुसऱ्या फेरीत खळ जवळजवळ नाहीच, नुसता कुंचा, धाग्यांवरचे उभे केस निजवण्यासाठी. हे केस निजले नाहीत तर मागावर ताण्याचे दोन थर उघडताना एकमेकांत गुंततात आणि धागे तुटतात. आळीतली शेरडं अधूनमधून चिंचोक्याच्या वासानं तोंड घालायला येत होती. त्यांना हाकलायचं काम माझं. ऊन चढेपर्यंत ताणा वाळून तारेसारखा झाला.

मग जोडणी. त्यांच्या उतरत आलेल्या ताण्याच्या टोकांना माझे धागे एकेक करून पिरगाळून जोडले. चिमटीत दोन टोकं, थोडी राख, एक पीळ, पुढचा धागा. दादांची बोटं डोळ्यांनी बघता येत नव्हती. मला त्यांनी शेवटचे थोडे धागे करू दिले.

माग खड्ड्याचा. दादा जमिनीच्या पातळीवर बसतात, पाय खड्ड्यात पावड्यांवर. उजवी पावडी, धोटा डावीकडे, फणीचा ठोका; डावी पावडी, धोटा उजवीकडे, ठोका. खड्ड्याजवळ ओल असते म्हणून सूत कोरडं पडून तुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. काळ्या बाण्यात मी कडेला मंजिष्ठेचा लाल पट्टा आणि डाळिंब-हिराकसचा राखाडी द्यायला सांगितला. लाल पट्टा विणून झाल्यावर दादा थांबले, अंगठ्यानं त्यावरून हात फिरवला.

"हा कुठला रंग?"

"मंजिष्ठा, दादा."

"आमचा आजा लावायचा म्हनत्यात. मी बघितला नव्हता."

संध्याकाळी आसन मागावरून उतरलं. दोन फूट लांब-रुंद, पाटासारखं ताठ, चिंचोक्याच्या वासाचं. पाण्यातून काढल्याशिवाय मऊ होणार नाही. दादांनी मजुरी सांगितली ती मला कमी वाटली. त्यांच्या दिवसाचा आणि वहिनींच्या दिवसाचा वेगळा हिशोब करून दिली. वहिनींनी आधी नको म्हटलं, मग घेतली.

1 डिसेंबर

आसन धुतलं. पहिल्या पाण्यात खळ गेली, दुसऱ्यात कापड आकसून घट्ट झालं आणि लालाचा कण सुटला नाही. वाळल्यावर वरचे केस मोकळे झाले. आता हात फिरवला की पाऊस अडवणारी तीच घोंगडी हाताखाली आहे हे कळतं. सासऱ्यांनी पूजेला घेतलं. गुडघ्याला गार लागत नाही म्हणाले.

भाच्याचा स्वेटर त्याला पोचला. फोटोत बाह्या अजून दोन बोटं मोठ्या आहेत, पुढच्या हिवाळ्यालाही येईल.

29 डिसेंबर

जानेवारीचं पान समोर ठेवून बसले आहे.

आसन झालं. स्वेटर झाला, पण दुसऱ्या लोकरीत. वाकळ पूर्ण, पहिल्या थंडीत घरात कुणी घ्यायची यावरून ओढाताण झाली, सध्या लेकीकडे आहे. गुंडी झाली, रुमालाचा माग अजून सापडायचा आहे. रंगांच्या तक्त्यात पळसाचा चौकोन पांढरा पडलाय, त्याच्याखाली तसं लिहून ठेवलं. दुकानी लोकर अर्धी उरली. नवी आणली नाही. जावळाचा मफलर अजून सुयांवर, वितभर राहिलाय. संकल्पात नसलेलं हे काम, आणि त्याच्यावरच सगळ्यांत जास्त जीव जडलाय. काळ्या लोकरीतल्या उरलेल्या सुताची क्रोशाची पिशवी केली, मुके टाके घट्ट घालून; भाजी आणि नारळ भरून रोज वापरते, धागा दमलेला नाही.

एक पान मी मुद्दाम जोडते आहे, खर्चाचं. लोकर, तुरटी, मंजिष्ठा, प्रवास, मजुरी, आणि धुण्यापासून कातण्यापर्यंतचे माझे तास. एवढं धरलं तर या आसनाची किंमत दुकानातल्या गालिच्याच्या कितीतरी पट निघते. हे पान मी घोंगडी महाग म्हणणाऱ्या प्रत्येकाला दाखवणार आहे. विणणाऱ्या घराला एका घोंगडीमागं काय सुटतं, हे त्याशिवाय समजत नाही.

पुढच्या वर्षाचं: पूर्ण घोंगडी, दोन पट्ट्या विणून मधे शिवलेली. तिला सूत लागेल ते माझ्या एकटीच्या हातून वर्षात निघणार नाही, म्हणून विणकर दादांकडच्या वहिनी आणि वाड्यावरच्या आजी, दोघींना कातणावळ देऊन सोबत घ्यायचं ठरवलंय. आजींच्या नातसुनेला टकळी शिकायची आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. तोवर हातात दाखवण्यासारखी घोंगडी असावी. राखाडी लोकरीवर निळीचा रंग. बाण्याचं सूत ढिलं कातायचं. आजींच्या मुलाचा काल फोन आला, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कातरणी आहे आणि या खेपेला कोकरं बरीच आहेत. जावळासाठी स्वच्छ गोणपाट घेऊन ये म्हणाला, आणि भाव आधी ठरवू. ठरवला.